दोन गाड्यांमधली मुंबई

डहाणू-तलासरीच्या व्यापाऱ्याला मुंबई अपरिचित नसते. मशीद बंदरचा मसाला आणि सुकामेवा, मूळजी जेठा मार्केटचे कापड, लोहार चाळीतील विजेचे सामान, अब्दुल रहमान स्ट्रीटवरील कटलरी, झवेरी बाजारातील पेढ्या, एवढा भाग तो डोळे मिटूनही फिरू शकेल. पहाटेच्या गाडीने जायचे, भाव ठरवायचे, बिल करून घ्यायचे, माल ट्रान्सपोर्टला टाकायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. अशी चाळीस वर्षे ये-जा केलेल्या गृहस्थाला राजाबाई टॉवर पाहिला का, असे विचारले तर तो क्षणभर थांबतो आणि 'टॅक्सीतून दिसला असेल' असे उत्तर देतो. खरेदीसाठी पाहिलेले शहर आणि पाहण्यासाठी पाहिलेले शहर यांत एवढे अंतर पडते.

ते अंतर कापण्याची संधी बहुधा रेल्वेच देते. डहाणू रोड हे पश्चिम रेल्वेवरील स्थानक. चर्चगेटपासून सुमारे १२४ किलोमीटर. दक्षिण महाराष्ट्रातील तीर्थांना जाणारी गाडी मात्र मध्य रेल्वेच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सुटते. कुंभोजच्या बाहुबलीला जायचे तर कोल्हापूरची महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री आठनंतरची, आणि उतरायचे हातकणंगले येथे. गाडी चुकण्याच्या भीतीने माणसे सकाळीच निघतात. मग एका स्थानकावर उतरून दुसऱ्या स्थानकावर चढेपर्यंतचे सात-आठ तास हाती उरतात. बरीच कुटुंबे ते प्रतीक्षालयात, बॅगांवर हात ठेवून, पेंगत घालवतात.

तलासरीच्या नाक्यावर किराणा दुकान असलेल्या एका जैन कुटुंबाने मागच्या कार्तिक वद्य पक्षात तसे केले नाही. चातुर्मास संपला होता, चोपडापूजन होऊन नव्या वहीची पहिली पाने भरली होती, भातकापणीनंतरची गर्दीही ओसरली होती. दुकान तीन दिवस बंद ठेवता येईल असा वर्षातला तो एकच काळ. निघालेली माणसे पाच: अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बा, त्यांचा मुलगा म्हणजे दुकानाचा मालक, सून, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेला नातू आणि अकरावीतली नात. कुंभोजची यात्रा बांनी बोललेली होती. ती कशासाठी बोललेली, हे घरात सर्वांना ठाऊक होते आणि कोणी उच्चारत नव्हते. नातवाने मोबाइलवरून शेअर बाजारात वायद्याचे व्यवहार केले होते आणि सव्वादोन लाख रुपये घालवले होते. दसऱ्यानंतर ते उघडकीस आले. दुकानाच्या खात्यातून रक्कम भरली गेली. वडील एकदाच बोलले, मोठ्याने, आणि त्यानंतर त्या विषयावर काहीच बोलले नाहीत. मुलाला ते मौन अधिक जड गेले असावे.

तलासरी ते डहाणू रोड जीपने. हा सारा सीमेचा मुलूख. १९६० पर्यंत उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, उंबरगाव तिकडे गेले, तलासरी इकडे राहिली. नातेवाईक दोन्हीकडे वाटले गेले. पुढे १ ऑगस्ट २०१४ ला पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. घरात गुजराती, शाळेत मराठी आणि गिऱ्हाइकाशी वारली बोलीतले चार शब्द, अशी तीन भाषांची सोबत इथल्या व्यापारी घरांत सहज असते.

डहाणू रोडच्या फलाटावर चिकूच्या पेट्या रचलेल्या असतात. घोलवड-डहाणूच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधीही तो मुंबईच्या बाजारात नावाने ओळखला जाई. उपनगरी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली ती १६ एप्रिल २०१३ पासून. तोवर मोजक्या शटल आणि पॅसेंजर गाड्यांवर सगळी भिस्त. वाणगाव, बोईसर, पालघर, सफाळे अशी स्थानके घेत गाडी वैतरणेच्या खाडीवरून जाते तेव्हा डब्यातील नेहमीचे प्रवासी मानही वर करीत नाहीत. बांनी मात्र खिडकीतून पाण्याला हात जोडले.

नातीने रात्रीच एका कागदावर बेत लिहून ठेवला होता. तिच्या वडिलांचाही बेत होता, पण तो लिहिलेला नव्हता: मशीद बंदरला जाऊन दोन व्यापाऱ्यांचा हिशेब मिटवायचा आणि जिऱ्याचा भाव पाहायचा. मुंबईला जाऊन बाजारात पाऊल न टाकणे त्यांना पाप वाटत होते, असे म्हटले तरी चालेल. शेवटी बांनी निर्णय दिला. "हिशेब फोनवर होईल. पोरीला पाहू द्या. माझी अट एकच. चोविहार चुकता कामा नये."

ही अट साधी वाटते, पण दिवसाचा सारा आराखडा तिच्यावर बेतावा लागतो. नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे जेवण आणि पाणी त्याआधी आटोपलेले हवे. ज्यांना रात्री नऊ वाजता कोठेही जेवता येते त्यांचा दिवस मोठा असतो. चोविहार पाळणाऱ्याचा दिवस सूर्य ठरवतो. पर्यटनाच्या पुस्तकांत ही गोष्ट लिहिलेली नसते.

चर्चगेटला उतरल्यावर पहिले काम सामानाचे. टॅक्सी करून मंडळी थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला गेली आणि बॅगा क्लोक रूममध्ये ठेवल्या. तेथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. सूनबाईंनी दोन जादा कुलुपे बरोबर आणली होती. जवळ उरली एक पिशवी: खाखरे, थेपले, सुका नाश्ता आणि उकाळलेल्या पाण्याची बाटली. टर्मिनसची इमारत बाहेरून पाहण्यासाठी रस्ता ओलांडून समोर उभे राहावे लागते. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून १८७८ मध्ये काम सुरू झाले आणि त्याला दहा वर्षे लागली. २००४ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. दगडातले मोर, माकडे, पाने, सिंह आणि वाघ पाहताना नातीची मान दुखली. वडील एवढेच म्हणाले, की याच दारातून आपण शंभर वेळा गेलो.

तेथून वस्तुसंग्रहालय. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची कोनशिला १९०५ ची, लोकांसाठी ते खुले झाले १९२२ मध्ये. दीड तासात सगळे संग्रहालय पाहू म्हणणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. जैन कुटुंबाने तेथे दोन मूर्ती शोधाव्यात. एक पार्श्वनाथांची लहानशी कांस्यमूर्ती, जी ज्ञात जैन कांस्यमूर्तींपैकी अतिप्राचीनांत गणली जाते. तिच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काही जण तिला इसवी सनाच्याही मागे नेतात. देवळातील मूर्तीसारखी ती घडीव आणि गुळगुळीत नाही. अंग सडपातळ आणि उभे, मस्तकामागे नागफणा.

दुसरी मूर्ती बाहुबलींची. श्रवणबेळगोळची, सुमारे नवव्या शतकातील. श्रवणबेळगोळच्या टेकडीवरचा ५७ फुटांचा गोमटेश्वर दहाव्या शतकाच्या अखेरचा. म्हणजे ही छोटी मूर्ती त्या विराट मूर्तीच्या आधीची. पायांवर आणि हातांवर वेली चढलेल्या, केस मागे खांद्यांवर उतरलेले. युद्ध जिंकल्यावर राज्य सोडून उभा राहिलेला माणूस इतक्या लहान धातूत मावला आहे. कुंभोजच्या बाहुबलीची उभी मूर्ती २८ फुटांची. तिच्याकडे निघालेल्यांना वाटेत ही भेटली. बा काचेसमोर उभ्या राहिल्या, नवकार म्हटला आणि हात जोडले. रखवालदाराने पाहिले, पण तो काही बोलला नाही. संग्रहालयात मूर्तीला वंदन करावे की नाही, यावर घरी परतल्यावर पुष्कळ वाद घालता येईल. प्राणप्रतिष्ठा नसलेली किंवा खंडित मूर्ती पूजेत नसते, हे शास्त्र बांना ठाऊक होतेच. त्यांचे हात शास्त्र विचारून जोडले गेले नव्हते.

बाहेर काळा घोडा भागात पदपथावर चित्रे विकायला बसलेले विक्रेते असतात. एकाकडे वारली चित्रे होती: गेरूच्या रंगावर पांढरे त्रिकोण, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर. दुकानदाराने भाव विचारला आणि तो ऐकून गप्प राहिला. ज्यांच्या घरच्या भिंतींवर लग्नाच्या वेळी तांदळाच्या पिठाने चौक लिहिले जातात ती माणसे त्याच्या दुकानात दर आठवड्याला तेल-मीठ घ्यायला येतात. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि तेथून जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते निवर्तले. तलासरीहून मुंबईला यावे आणि काळ्या घोड्याला आपल्याच शेजाऱ्याची ओळख व्हावी! सुनेने एक लहान चित्र घेतले. घासाघीस केली, अर्थातच.

मुंबई विद्यापीठ तेथून चालत पाच-सात मिनिटांवर. बांसाठी वाटेत दोनदा थांबावे लागले. ओव्हल मैदानाच्या कडेला उभे राहिले की पूर्वेकडे उच्च न्यायालय आणि विद्यापीठ यांच्या गॉथिक इमारती आणि पश्चिमेकडे आर्ट डेको शैलीची घरे अशा दोन ओळी दिसतात. २०१८ मध्ये या दोन्ही मिळून जागतिक वारसा यादीत गेल्या. पण त्या दुपारी या कुटुंबाला पाहायचा होता तो मनोरा. टॉवरवर लोकांना चढू देत नाहीत. मैदानाच्या कठड्याशी उभे राहूनच तो पाहावा.

राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे. आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते मुंबईस कधी आले नाहीत. १८६९ मध्ये काम सुरू झाले, १८७८ मध्ये पुरे झाले. वर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे २४ दगडी पुतळे आहेत. ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. जैन वाचकाला २४ हा आकडा दिसला की तीर्थंकर आठवतात, पण येथे तो निव्वळ योगायोग. पैसा दिला तो प्रेमचंद रायचंद यांनी. सुरतेचे जैन, मुंबईतील शेअर आणि कापूस बाजाराचे अनभिषिक्त राजे. मनोऱ्याला नाव दिले आईचे, राजाबाईंचे. सांगतात की राजाबाईंची दृष्टी गेली होती आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा त्यांचा नियम होता. मनोऱ्याच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी म्हणून मुलाने तो उभारला. ही कथा गोड आहे. मात्र प्रेमचंदांचे राहणे भायखळ्याला होते, आणि किल्ल्यातला टोला तेथवर कितपत पोहोचत असेल, ही शंका हिशेबी मनाला येतेच.

बांना ती शंका आली नाही. त्या म्हणाल्या, "मला पण डोळ्यांनी नीट दिसत नाही आता. वाजेल तेव्हा सांगा." तीन वाजता टोले पडले. कोणी सांगावे लागले नाही.

प्रेमचंदांची पुढची गोष्ट मात्र कथा नाही, हिशेब आहे. ती या कुटुंबात त्या दुपारी बोलली गेली, म्हणून येथे सविस्तर देणे योग्य.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील बंदरांची कोंडी झाली, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि सारी मागणी मुंबईकडे वळली. चार वर्षांत मुंबईत कोट्यवधी पौंड आले. एवढा पैसा ठेवायचा कोठे? मग बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपये भरणा झालेला शेअर ५०,००० पर्यंत चढला. शेअर तारण ठेवून कर्ज, त्या कर्जातून पुन्हा शेअर. कर्ज देणाऱ्यांत बँक ऑफ बॉम्बे आघाडीवर होती. १८४० मध्ये स्थापन झालेली, सरकारी भागभांडवल असलेली, आणि म्हणून लोकांना खात्रीची वाटणारी. तिच्या कारभारात प्रेमचंदांचा शब्द शेवटचा मानला जाई. बँकेत तारणाची किंमत ठरते ती ते विकावे लागेल त्या दिवसाच्या भावावर. चढत्या बाजारात हे कोणाला पटवून देता येत नाही. तेव्हाही आले नाही.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपल्याची बातमी आली. कापूस कोसळला. बाजारात १ जुलै १८६५ या दिवसाचे वायदे मोठ्या प्रमाणावर झाले होते: त्या दिवशी ठरलेल्या भावाने शेअर घेणार, देणार. तो दिवस उगवला तेव्हा घेणाऱ्यांकडे पैसा नव्हता आणि देणाऱ्यांकडच्या कागदाला भाव नव्हता. शेकडो घरे बुडाली. प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. तिच्यावर चौकशी आयोग बसला आणि त्यात प्रेमचंदांचे नाव ठळकपणे आले. त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. ती १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत मिळाली आणि इम्पीरियल बँकेची १९५५ मध्ये स्टेट बँक झाली.

आणि हा मनोरा? विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी मिळून ४ लाख रुपये प्रेमचंदांनी १८६४ मध्ये दिले, तेजीच्या शिखरावर. काम सुरू झाले तेव्हा देणाऱ्याचे वैभव गेले होते. दगड त्यानंतर चढत राहिले.

वडील हे सगळे मैदानाच्या कठड्याला टेकून सांगत होते. त्यांना ते कोठून ठाऊक होते, असे मुलीने विचारले. ते म्हणाले, "तुमच्या आजोबांनी सांगितलेले. त्यांच्या आजोबांना कोणी तरी सांगितलेले." मुलगा जरा दूर उभा राहून ऐकत होता. वायदा हा शब्द आला तेव्हा त्याने मान खाली घातली. बांनी विचारले, "मग त्याने लोकांचे फेडले का?"

"दिवाळे निघाले म्हणजे सगळ्यांचे सगळे फिटत नाही, बा."

"आणि पुढे?"

"पुढे जगले की. चाळीस वर्षे जगले. धंदाही केला. १९०६ मध्ये गेले."

बा नातवाकडे वळल्या. "ऐकलेस? चाळीस वर्षे." एवढेच म्हणून त्यांनी पिशवीतून खाखरा काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो उभ्या उभ्या खाल्ला.

मैदानावर क्रिकेटचे चार-पाच सामने एकात एक गुंतून चालले होते.

हुतात्मा चौकात फार थांबता आले नाही. फ्लोरा फाउंटन १८६४ चे, म्हणजे त्याच कापसाच्या तेजीच्या काळातले. शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक. सीमेवरच्या गावातून आलेल्यांनी तेथे क्षणभर उभे राहणे उचित होते आणि ते राहिले. हॉर्निमन सर्कलच्या बागेसमोर टाउन हॉलच्या ३० पायऱ्या बांनी खालूनच पाहिल्या. याच परिसरात वडाच्या झाडांखाली १८५० च्या दशकात दलाल जमत. पुढे १८७५ मध्ये त्यांची संस्था झाली आणि तोच आजचा मुंबई शेअर बाजार. दलाल स्ट्रीटवरील त्याची २९ मजली इमारत गल्लीतून पूर्ण दिसतही नाही. नातवाने तिचे छायाचित्र काढले नाही. वर्षभर ज्या आकड्यांकडे तो रात्री-अपरात्री पाहत होता ते येथून निघत होते, आणि समोर होते एक फाटक, दोन शिपाई आणि भेळवाला. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदा आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांना तोटा झाला, आणि एकूण तोट्याचा आकडा १.८ लाख कोटी रुपयांवर गेला. १८६५ मध्ये निदान समोरचा माणूस वडाखाली दिसत तरी होता.

गेटवे ऑफ इंडिया बेतात होता, पण वगळला. नात रुसली नाही हे विशेष. साडेचार वाजले होते आणि पायधुणीला पोहोचायचे होते. दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत. टॅक्सीवाल्याने पाच जणांना नकार दिला, म्हणून दोन टॅक्स्या कराव्या लागल्या.

पायधुणी हे नावच प्रवाशाचे आहे. बेटांच्या मधल्या सखल भागात भरतीचे पाणी शिरे. चिखल तुडवून आलेला माणूस येथे पाय धुई. पुढे वरळीजवळचा बांध झाला, पाणी हटले, नाव राहिले. १८०३ च्या आगीनंतर किल्ल्यातील देशी वस्ती बाहेर या भागात पसरत गेली. गोडीजी पार्श्वनाथांच्या देरासराची स्थापना १८१२ ची. सिंधमधील थरपारकरच्या गोडी गावावरून हे नाव आले. फाळणीनंतर ते गाव पलीकडे राहिले, पण नाव येथे रोज घेतले जाते. रस्त्यावर हातगाड्या, हॉर्न, लोखंडाचे गज वाहणारे हमाल, आणि जिना चढून आत गेले की संगमरवराचा थंडावा. येथे बांचे गुडघे दुखले नाहीत, किंवा दुखले तरी त्या बोलल्या नाहीत. मुंबईत त्या लग्नानंतर एकदाच आल्या होत्या, दागिने घ्यायला. देरासराला येणे राहून गेले होते. ते आज झाले.

जवळच्या एका भोजनशाळेत साडेपाचला पाने वाढली गेली: मूग, भाकरी, भात, कढी. भोवती बाजारातील मुनीम, गुमास्ते, खरेदीला आलेले गावोगावचे व्यापारी. सगळ्यांचे डोळे घड्याळावर. पावणेसहाला बांनी शेवटचे पाणी घेतले आणि हात जोडून पच्चक्खाण केले. नातवाने त्यांच्या बरोबर केले. त्याचा असा नियम नव्हता. आई पाहत राहिली, पण कोणी काही विचारले नाही.

गाडीला अजून दोन तास होते. तेवढ्यात भुलेश्वरची पांजरापोळ झाली. देशातील ज्या गर्दीच्या पेठेत जागेचा भाव चौरस फुटावर मोजतात तेथे शेकडो गाई-वासरे निवांत रवंथ करीत उभी आहेत, हे मुंबईत अनेकदा येणाऱ्यांनाही माहीत नसते. १८३२ मध्ये कंपनी सरकारने रस्त्यावरची भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला. पारशी समाज प्रथम खवळला, मग हिंदू आणि जैनही. बाजार बंद पडले, दंगल झाली. त्यानंतर सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये ही पांजरापोळ निघाली. शेठ मोतीशा म्हणजे मोतीचंद अमीचंद: भायखळ्याचे देरासर आणि पालीताण्याची मोतीशा टूंक ज्यांच्या नावाने आहे ते. टूंकेची प्रतिष्ठा पाहण्यास ते राहिले नाहीत, १८३६ मध्येच निवर्तले. चीनच्या व्यापारातून मिळवलेला पैसा पारशी मित्राच्या बरोबरीने मुक्या जनावरांसाठी त्यांनी खर्चला. डहाणूत वाड्यांचे मालक इराणी-पारशी आणि बाजारपेठेत जैन, हे शेजारपण पाहिलेल्या कुटुंबाला त्याचे आश्चर्य वाटू नये.

आत अंधार पडत होता. हिरव्या चाऱ्याची पेंढी विकत मिळते. दुकानदाराने पाच घेतल्या, प्रत्येकाच्या हाती एक. मग खिशातून पाकीट पुन्हा काढले आणि मुलाकडे देत म्हणाले, "पावती तू फाडून घे. किती टाकायचे ते तूच ठरव." दुकानाच्या पैशाला हात लावण्याची त्याला दसऱ्यानंतर बंदी होती. तो खिडकीशी गेला. किती दिले ते त्याने सांगितले नाही, वडिलांनी विचारले नाही. पावती पाकिटात घडी करून ठेवलेली होती.

टर्मिनसवर क्लोक रूमच्या खिडकीशी रांग होती. बॅगा सोडवून फलाटावर येईपर्यंत गाडी लागली होती. वडिलांनी वही काढून दिवसाचा खर्च लिहिला: टॅक्सी चार वेळा, संग्रहालयाची तिकिटे पाच, चित्र एक, भोजन, चारा. मशीद बंदरच्या नावाने एक ओळ कोरी सोडली. परतीच्या दिवशी तेथे जाण्याचा विचार त्यांनी अजून सोडला नव्हता. नात वरच्या बर्थवर चढून गेटवे राहिल्याचे आता आईला ऐकवीत होती. बांनी खिडकीची जागा घेतली, माळ काढली, आणि दादर यायच्या आत त्यांना झोप लागली. हातकणंगले सकाळी लवकर येते, म्हणून नातवाने मोबाइलवर साडेपाचचा गजर लावला आणि तो उशाशी ठेवून दिला.